जुन्या मोटारीचा डायनामो आणि त्याचा तिसरा ब्रश

फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल ए’ मोटारींत चालकाच्या पुढें जी लहानशी पाटी असते, तींत वेगमापक, पेट्रोलचा कांटा आणि किल्ली यांच्या जोडीला एक अँपिअरमापकही बसविलेला असतो. त्याच्या मध्यावर शून्य असून दोन्ही बाजूंस वीसपर्यंत आंकडे असतात. एक बाजू जमेची, दुसरी खर्चाची. मोटार वेग घेऊं लागली कीं कांटा शून्य सोडून जमेकडे झुकतो, आणि तो झुकला म्हणजे मालकाचें समाधान होतें. कित्येकांची तर अशी समजूत असते कीं, बँकेंतील शिलकेप्रमाणें हा कांटाही जितका जमेकडे अधिक जाईल तितकें बरें. ही समजूत बरोबर नाहीं. तिच्यापायीं पुष्कळ चांगल्या बॅटऱ्या, आणि बॅटरीहून किती तरी दुर्मिळ असे डायनामो, आजवर फुकट गेले आहेत.

मोटारीला वीज लागूं लागली ती मुख्यतः एंजिन चालूं करण्याच्या कष्टांतून सुटका व्हावी म्हणून. पूर्वी समोर उभें राहून हँडल मारावें लागे, आणि एंजिनानें उलट झटका दिला तर मनगट मोडे. चार्ल्स केटरिंग यांनीं सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत प्रथम बसविण्यांत आला. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ला ही सोय १९१९ सालीं मिळाली. १९२७ च्या डिसेंबरांत ‘मॉडेल ए’ बाजारांत आली, ती मात्र स्टार्टर, बॅटरी आणि डायनामो यांसह. १९३१ पर्यंत या जातीच्या पंचेचाळीस लक्षांहून अधिक मोटारी तयार झाल्या. त्याच सुमारास मुंबईतही मोटारी जोडण्याचे कारखाने निघाले. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ सालचा. त्या पिढीच्या ज्या गाड्या आज येथें शिल्लक आहेत, त्यांपैकीं बहुतेकांच्या पोटांत तिसऱ्या ब्रशाचाच डायनामो आहे. म्हणून हा विषय केवळ दूरदेशचा नव्हे.

स्टार्टर आला आणि त्याबरोबर एक नवीन अडचण आली. बॅटरींतून काढलेली वीज परत भरणें भाग होतें. ती भरणारा डायनामो मात्र एंजिनाच्या पट्ट्यावर फिरणार, आणि एंजिनाची गति तर क्षणोक्षणीं बदलणारी. चौकांत थांबलेली गाडी आणि मोकळ्या रस्त्यावर ताशीं चाळीस मैलांनीं धांवणारी गाडी, या दोहोंत एंजिनाच्या गतींत चौपट-पांचपटीचा फरक सहज पडतो. हळू गतींत बॅटरी भरेल असा डायनामो केला, तर वेगांत तो सर्व कांहीं जाळून टाकील. वेगांत सुरक्षित राहील असा केला, तर शहरांतल्या शहरांत फिरणाऱ्याची बॅटरी कायम उपाशी राहील.

या अडचणीवर जो तोडगा निघाला, तो फारच युक्तीचा होता. त्यासाठीं डायनामोच्या आंत काय चालतें तें थोडें पाहावें लागेल.

डायनामोच्या कवचाला आंतून तारेचीं वेटोळीं बसविलेलीं असतात. त्यांतून वीज खेळली कीं तीं लोहचुंबक बनतात. यांनाच ‘फील्ड’ म्हणतात. त्यांच्यामध्यें आर्मेचर फिरतें. आर्मेचरच्या एका टोंकाला तांब्याच्या पट्ट्यांचें एक कडें असतें, तो कम्यूटेटर. आणि त्यावर स्प्रिंगनें दाबून धरलेले कार्बनचे ब्रश आर्मेचरमध्यें उत्पन्न झालेली वीज बाहेर काढतात. साध्या डायनामोंत फील्डलाही याच मुख्य ब्रशांमधील पूर्ण दाब मिळतो. मग गति वाढली कीं दाब वाढतो, दाब वाढला कीं फील्डचा प्रवाह वाढतो, त्यानें चुंबकत्व वाढतें, आणि त्यामुळें दाब आणखी वाढतो.

ही चढाओढ मोडण्याकरितां मुख्य ब्रशांच्या मध्यें कम्यूटेटरवरच एक तिसरा, अरुंद ब्रश बसवितात आणि फील्डला वीज त्याच्याकडून देतात. त्यामुळें फील्डच्या वांट्याला पूर्ण दाब न येतां त्याचा एक भाग येतो. पण खरी गंमत पुढेंच आहे. आर्मेचरमधून प्रवाह वाहूं लागला म्हणजे आर्मेचरही स्वतः एक लोहचुंबक बनतें, आणि त्याचें चुंबकत्व मूळच्या चुंबकक्षेत्राला फिरण्याच्या दिशेनें ओढून वांकडें करतें. प्रवाह जितका मोठा, तितकी ही ओढ मोठी. क्षेत्र असें एका बाजूला लोटलें गेलें कीं ज्या भागावर तिसरा ब्रश आपली वीज वेंचीत असतो, तो भाग विरळ होतो, आणि फील्डला मिळणारा दाब आपोआप उतरतो. म्हणजे डायनामो अधिक वीज देऊं लागला कीं तोच आपल्या हातानें आपला लगाम खेंचतो. ताशीं वीस-पंचवीस मैलांपर्यंत त्याचा प्रवाह चढत जातो, तेथें सर्वांत अधिक होतो, आणि त्यापुढें गति वाढली तरी कमी कमी होऊं लागतो. एकही जास्तीचा फिरता भाग न घालतां साधलेलें हें नियमन पाहिलें, म्हणजे त्या काळच्या यंत्रज्ञांच्या बुद्धीचें कौतुक वाटल्यावांचून राहत नाहीं.

डायनामोच्या पाठीवर एक लहान डबी असते, तिचें नांव कटआउट. तिच्यांतील विद्युच्चुंबक, दाब साधारण साडेसहा ते सात व्होल्टपर्यंत चढला म्हणजे, बॅटरीकडे जाणारी वाट जोडतो. आणि एंजिन मंदावून वीज उलट वाहूं लागली कीं ती वाट तोडतो. कटआउट डायनामोची वीज वाढवीत नाहीं किंवा कमीही करीत नाहीं. तो केवळ दरवाजा उघडतो व लावतो. हें ध्यानांत न घेतां चार्जिंग कमी पडतें म्हणून कटआउटचे पत्रे वांकविणारे मिस्त्री आजही भेटतात. त्यांना विनयपूर्वक थांबविणें हेंच इष्ट.

आतां या तिसऱ्या ब्रशाचा दोष. तो प्रवाहावर लगाम ठेवतो, दाबावर नव्हे. बॅटरी भरली आहे कीं रिकामी, याचें त्याला ज्ञान नसतें. उलट, बॅटरी भरत आली म्हणजे तिचा स्वतःचा दाब चढतो; त्यामुळें फील्डला मिळणारा दाबही चढतो, आणि डायनामो पूर्वीपेक्षां कांकणभर अधिकच वीज लोटूं लागतो. पंगतींत पाहुण्यानें पानावर दोन्ही हात आडवे धरावेत, आणि यजमानानें त्याच वेळीं जिलब्यांचें ताट घेऊन पुढें व्हावें, त्यांतला हा प्रकार आहे. बॅटरी बिचारी हात आडवे करूं शकत नाहीं. तिच्यांतील गंधकाम्लाच्या पाण्याचें पृथक्करण होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन बुडबुड्यांच्या रूपानें निघून जातात, पाणी आटतें, पट्ट्या उघड्या पडतात व त्यांवरील द्रव्य झडून तळाशीं सांचतें. याच्या उलट, चार्जिंग फारच कमी ठेवलें तर पट्ट्यांवर सल्फेटाचा कठीण थर धरतो आणि तीही बॅटरी जाते. दोन्हीकडून नुकसान आहे. तेव्हां मधला माप कोठें धरावयाचा, हा खरा प्रश्न होय.

तो मनाच्या अंदाजानें सुटत नाहीं, हिशेबानें सुटतो. समजा, सकाळीं एंजिन चालूं करण्यास स्टार्टर दहा सेकंद फिरवावा लागला आणि त्यानें २०० अँपिअर वीज ओढली. आंकडा मोठा दिसतो. परंतु दहा अँपिअरांनीं चार्ज करणारा डायनामो हें कर्ज २०० सेकंदांत, म्हणजे तीन मिनिटें वीस सेकंदांत फेडतो. रासायनिक क्रियेंतील घट धरून पांच मिनिटें म्हणूं. येथवर ठीक. पण पुढें ही गाडी सहा तास प्रवास करील, आणि कांटा सारा वेळ दहावर राहील, तर बॅटरींत साठ अँपिअर-तास वीज आणखी कोंबली जाईल. ‘मॉडेल ए’ची मूळ बॅटरी सहा व्होल्टांची व सुमारें ऐंशी अँपिअर-तासांची. म्हणजे जी बॅटरी निघतांनाच भरलेली होती, तिला दुपारपर्यंत दुसरें जवळजवळ पूर्ण जेवण घातल्यासारखें झालें. मुक्कामावर पोंचल्यावर आसनाखालून आंबूस वास येतो आणि बॅटरी हाताला गरम लागते, त्याचें कारण हें.

ही गोष्ट त्या काळच्या कारखानदारांना ठाऊक नव्हती असें नाहीं. ‘मॉडेल ए’ला उन्हाळ्यांत दहाच्या आसपास आणि हिंवाळ्यांत त्याहून तीन-चार अँपिअर अधिक, असें प्रमाण ठेवण्याची रीत होती. इंग्लंडांत लुकस कंपनीच्या कांहीं जोडण्यांत तर पाटीवरच एक बटण असे; त्यानें उन्हाळ्याकरितां अर्धें आणि हिंवाळ्याकरितां पूर्ण चार्जिंग निवडतां येई. अमेरिकेच्या उत्तर भागांत जानेवारींत तेल घट्ट होतें, थंडीनें बॅटरीची शक्ति निम्म्यावर येते, आणि दिवस लवकर मावळून दिवे अधिक वेळ जळतात. तेथें हिंवाळ्याचा आंकडा सर्वस्वी योग्य होता. मुंबईंत किंवा नागपुरांत हा हिंवाळा कधींच येत नाहीं. शिवाय उष्णतेनें बॅटरी आधींच लवकर उकळूं लागते. म्हणून जुन्या पुस्तकांतील मोठा आंकडा वाचून आपल्याकडे तिसरा ब्रश पुढें सरकविणें, म्हणजे मे महिन्यांत लोंकरीची बंडी घालण्यासारखें आहे.

त्यांतही एक गोष्ट बदलली आहे. १९३० सालीं ही गाडी डॉक्टर किंवा व्यापारी रोज वापरीत, रात्रीं-अपरात्रीं नेत, आणि गल्लोगल्लीं थांबून पुन्हां पुन्हां स्टार्टर फिरवीत. आज तिची स्थिति निराळी आहे. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांकरितां केंद्र सरकारनें २०२१ मध्यें जे नियम केले, त्यांनुसार स्वतंत्र ‘व्हिंटेज’ नोंदणी घेतलेली गाडी नित्याच्या येण्याजाण्यासाठीं रस्त्यावर आणतां येत नाहीं. प्रदर्शन, मेळावा, इंधन भरणें, दुरुस्ती अशा प्रसंगींच ती बाहेर निघते. सकाळचा मेळावा, दिवसाउजेडीं दोन-तीन तासांची फेरी, मग पंधरा दिवस विश्रांति, असा हा बेत. या गाडीला विजेचा खर्च जवळजवळ नाहींच.

अशा वापरासाठीं एक सोपें प्रमाण सांगतां येतें. ‘मॉडेल ए’चे समोरचे दोन दिवे आणि मागचा एक, मिळून सुमारें सात ते नऊ अँपिअर वीज खातात. प्रज्वलनाच्या कॉइलला लागणारी वीज कांटा दाखविण्यापूर्वींच वजा झालेली असते; पाटीवरचा आंकडा ही निव्वळ शिल्लक असते. दिवे बंद असतांना ताशीं पंचवीस मैलांच्या गतीला कांटा सहा ते आठवर असावा, आणि दिवे लावल्यावर तो शून्याच्या जवळ, फार तर किंचित् खर्चाकडे यावा. एवढें साधलें म्हणजे दिवसा बॅटरी उकळत नाहीं आणि रात्रीं घरीं येईपर्यंत दिवे मंदावत नाहींत. ज्याला लांबचा रात्रीचा प्रवास करावयाचा असेल, त्यानें त्यापुरता आंकडा वाढवावा व परतल्यावर पुन्हां खालीं आणावा.

ब्रशाला हात लावण्यापूर्वी मात्र इतर संशयित तपासणें अवश्य आहे. चार्जिंग कमी दिसण्याचें कारण पुष्कळदां सैल पट्टा, काळा पडलेला कम्यूटेटर, झिजून आंखूड झालेला ब्रश किंवा हिरवट गंज चढलेलें बॅटरीचें टोंक हेंच असतें. बॅटरीची खरी स्थिति हायड्रोमीटरनें पाहावी. पूर्ण भरलेल्या बॅटरींतील आम्लाचें विशिष्ट गुरुत्व थंड देशांत १.२८० च्या आसपास ठेवतात, आपल्याकडे १.२४० च्या सुमारास, १.१५० च्या खालीं गेलें तर बॅटरी रिती समजावी. तीन खणांपैकीं एकच खण मागें पडलेला दिसला तर तो दोष डायनामोचा नव्हे, बॅटरीचा. पाटीवरच्या नव्वद वर्षांच्या अँपिअरमापकावरही आंधळा विश्वास ठेवूं नये. एक खात्रीचें मापकयंत्र त्याच वाटेंत जोडून दोहोंचे आंकडे ताडून पाहावे.

मग एंजिन पुरतें तापूं द्यावें. थंड डायनामो अधिक वीज देतो. वेटोळीं गरम झालीं कीं त्यांचा विरोध वाढतो व प्रवाह उतरतो. थंड असतांना बसविलेला आंकडा दहा मैलांवर खोटा ठरतो. एंजिन बंद करून डायनामोच्या मागच्या टोंकावरचें पत्र्याचें आवरण काढलें, म्हणजे कम्यूटेटर आणि ब्रश दिसतात. मुख्य ब्रश जागच्या जागीं पक्के असतात. ज्याचा धारक कडेनें सरकूं शकतो, तो तिसरा. ‘मॉडेल ए’च्या आरंभीच्या मोठ्या घेराच्या डायनामोंत हा धारक एका स्क्रूनें आवळलेला असतो, तो थोडा सैल करावा लागतो; नंतरच्या नळकांड्यासारख्या डायनामोंत तो नुसत्या घर्षणानें बसलेला असतो, आणि पेचकसाच्या टोंकानें ढकलल्यास सरकतो.

नियम एवढाच: आर्मेचर ज्या दिशेनें फिरतें त्या दिशेस ब्रश सरकविला तर चार्जिंग वाढतें, उलट दिशेस सरकविला तर कमी होतें. पण येथेंच हमखास चूक होते. गाडीच्या पुढें उभें राहून पंख्याकडे पाहिलें तर तो घड्याळाच्या कांट्याप्रमाणें फिरतो, आणि डायनामोही पट्ट्यावर तसाच फिरतो. ब्रश मात्र मागच्या टोंकाला असतात, आणि तेथें वांकून पाहणाऱ्याला तीच गति उलटी दिसते. कमी करावयास निघालेला मनुष्य त्यामुळें वाढवून बसतो, आणि वाढलेलें पाहून आणखी त्याच बाजूला ढकलतो! आर्मेचर हातानें थोडें फिरवून दिशा डोळ्यांनीं पाहून घ्यावी, मग पेचकस उचलावा. सरकवावयाचें तेंही केसभर. कम्यूटेटरच्या अर्ध्या पट्टीएवढ्या अंतरानें कांटा दोन-तीन अँपिअर हलतो. प्रत्येक वेळीं एंजिन चालूं करून, गति पंचवीस मैलांच्या बेताची ठेवून, आंकडा वाचावा. जागा बदललेला ब्रश कम्यूटेटरवर कधीं कधीं कडेनेंच टेकतो. तेव्हां बारीक वाळूचा कागद खालीं घालून त्याचें तोंड घासून घ्यावें. एमरीचा कागद वापरूं नये. त्याचे कण वीजवाहक असून पट्ट्यांच्या मध्यें रुतून बसतात.

सर्वांत मोठा धोका निराळाच आहे. तिसऱ्या ब्रशाच्या व्यवस्थेंत दाब आवरून धरण्याचें काम बॅटरी करीत असते. एंजिन चालूं असतांना बॅटरीचें टोंक निसटलें, किंवा ‘डायनामो तपासावयाचा’ म्हणून कोणी तें मुद्दाम काढलें, तर दाब एकदम उसळतो. दिवे क्षणभर चांदण्यासारखे पांढरे होऊन जातात, आणि मागोमाग फील्डचीं वेटोळीं जळतात. हल्लींच्या गाड्यांतही असा प्रयोग करूं नये, येथें तर तो प्राणघातकच. बॅटरीवांचून एंजिन फिरवणें भागच पडलें, तर डायनामोचें टोंक तारेनें सांगाड्याला जोडून ठेवावें. मग त्यांत दाब उत्पन्नच होत नाहीं. त्याचप्रमाणें ‘मॉडेल ए’मध्यें बॅटरीचें धनाग्र सांगाड्याला जोडलेलें असतें, हें आजच्या रीतीच्या उलट आहे. संवयीनें बॅटरी उलटी बसविणारे थोडे नाहींत. डायनामो उघडून पुन्हां बसविल्यावर, एंजिन सुरू करण्यापूर्वी, कटआउटचीं दोन टोंकें तारेच्या तुकड्यानें क्षणभर एकमेकांस जोडावीं. एक ठिणगी पडते, आणि डायनामोंतील लोखंडाला योग्य दिशेचें चुंबकत्व मिळतें. हें न केल्यास उलट्या दिशेची वीज तयार होऊन कटआउटचे बिंदु वितळून चिकटण्याचा संभव असतो.

फार चार्जिंग ठेवल्याचा दंड शेवटीं डायनामोलाच भरावा लागतो. पंधराच्या पुढें तासन् तास चाललेलें आर्मेचर इतकें तापतें कीं कम्यूटेटरवर तारा जोडणारें कथिल पातळ होऊन बाहेर उडतें. आवरणाच्या आंतल्या बाजूस चकचकीत थेंबांची एक ओळ दिसली, तर काय घडलें तें विचारावयास नको. असें आर्मेचर पुन्हां गुंडाळून देणारे कारागीर आहेत, परंतु ते दिवसेंदिवस विरळ होत चालले आहेत.

१९३० नंतरच्या दशकांत दाबाचें नियमन करणारे रेग्युलेटर आले, आणि तिसरा ब्रश मागें पडला. १९६० च्या व्हॅलिअंट मोटारींत क्रायस्लरनें अल्टरनेटर बसविला, तेव्हांपासून डायनामोच मागें पडूं लागला. कटआउटच्या जुन्या डबींत बेमालूम बसणारे लहान रेग्युलेटर आज मिळतात. मूळ रूपाचा हट्ट नसेल तर ते बसविण्यांत कमीपणा नाहीं. पण ज्याला गाडी जशीच्या तशी राखावयाची आहे, त्याला अर्ध्या तासाचें हें काम शिकून घेण्यांत कांहींच अवघड नाहीं. स्क्रू आवळावा, आवरण बसवावें, ठरलेला आंकडा व तारीख गाडीच्या वहींत टिपून ठेवावी. महिन्याभरानें बॅटरीचें पाणी पाहावें. ऊर्ध्वपातित पाणी वरचेवर घालावें लागत असेल तर ब्रश आणखी केसभर मागें. पाणी जागच्या जागीं आहे पण हायड्रोमीटर खालीं चालला आहे असें दिसलें, तर केसभर पुढें.